आधी स्वतःला तपासा
ग्लायडरला इंजिन नसतं. उतरताना अंदाज चुकला तर पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करायची सोय नाही. म्हणून आधी दारूचं बघा. भारतात उड्डाणाआधीचे १२ तास दारू वर्ज्य आणि रक्तातलं प्रमाण शून्य हवं. अमेरिकेत ८ तास आणि ०.०४ टक्क्यांच्या आत. पण नुसत्या घड्याळावर विसंबू नका. रक्त साफ झालं तरी कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नलिकांत दारूचा अंमल काही तास रेंगाळतो. थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, गिरक्या घेताना मान वळवली, की गरगरतं. काळ्या कॉफीने झोप उडेल, दारू उतरणार नाही. सर्दीच्या कित्येक गोळ्याही गुंगी आणतात. आणि झोप? जमिनीवरच्या विंचची केबल ग्लायडरला काही सेकंदांत वर खेचते. ती मध्येच तुटली तर नाक लगेच खाली घ्यावं लागतं; पेंगत असाल तर ते जमणार नाही. जांभया येत असतील तर आज खालीच थांबा, ग्लायडर ढकलायला माणसं लागतातच.