भाषा, लिपी आणि राष्ट्रीय अस्मिता : लखनौचा अनुभव

लखनौच्या बाजारातील बोलणे हिंदी की उर्दू, हे ठरविणे कठीण असते. दोन्ही भाषांची क्रियापदे, सर्वनामे व वाक्यरचना बहुतांशी समान आहेत. मुख्य भेद लिपीचा व उच्च शब्दसंग्रहाचा आहे. येथे १८५८ मध्ये स्थापन झालेल्या नवलकिशोर मुद्रणालयातून उर्दू-फारसीबरोबरच हिंदी व संस्कृत ग्रंथही प्रसिद्ध होत. मग याच प्रांतात भाषा संघर्षाचे कारण का ठरली?

लिपी आणि नोकरी

१८३७ नंतर ब्रिटिश अमलातील कचेऱ्यांतून फारसी हटविण्यात आली. उत्तर हिंदुस्थानच्या मोठ्या भागात तिची जागा फारसी लिपीतील उर्दूने घेतली. कचेरीच्या लिपीवर सरकारी नोकरी अवलंबून असल्याने लिपीचा प्रश्न उपजीविकेचा बनला. काशी येथे १८९३ मध्ये नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली. पंडित मदन मोहन मालवीय यांनी नागरीची बाजू सरकारपुढे मांडली. १८ एप्रिल १९०० रोजी लेफ्टनंट गव्हर्नर सर अँटनी मॅकडोनेल यांनी न्यायालयांत नागरीच्या वापरास परवानगी दिली. या आदेशाने उर्दू रद्द झाली नव्हती. तरीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवाब मोहसिन-उल-मुल्क यांच्या नेतृत्वाखाली लखनौत निषेध सभा भरली. पुढे हिंदी हिंदूंची व उर्दू मुसलमानांची, हे समीकरण रूढ होत गेले. लखनौत ‘माधुरी’चे संपादन केलेले प्रेमचंद दोन्ही भाषांत लिहीत, याचा मात्र विसर पडला.

ढाक्याचा धडा

धर्म एक असला म्हणजे भाषेचा प्रश्न सुटतो, असेही नाही. पाकिस्तानात उर्दू हीच राष्ट्रभाषा करण्याच्या धोरणाला पूर्व बंगालने विरोध केला. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात आंदोलक विद्यार्थी गोळीबारात मृत्युमुखी पडले. १९७१ मध्ये बांगलादेश अस्तित्वात आला, त्यामागील एक प्रमुख प्रेरणा भाषेची होती.

घटनात्मक मार्ग

भारतीय राज्यघटनेने कोणत्याही भाषेला ‘राष्ट्रभाषा’ म्हटलेले नाही. अनुच्छेद ३४३ नुसार देवनागरीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे; अनुच्छेद ३४५ राज्यांना आपली राजभाषा ठरविण्याचा अधिकार देते, तर २९ व ३०, तसेच ३५०-क ही अनुच्छेदे अल्पसंख्याकांच्या भाषिक व शैक्षणिक हिताचे रक्षण करतात. उत्तर प्रदेशाने १९५१ मध्ये हिंदीला राजभाषा केले आणि १९८९ मध्ये उर्दूला दुसऱ्या राजभाषेचा दर्जा दिला. हिंदी स्वीकारल्यानंतर राज्याला आणखी एक भाषा स्वीकारता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ मध्ये दिला. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीसोबत उर्दू असण्यास कायद्याचा अडसर नाही, असे न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये स्पष्ट केले.

नोकरी, न्यायालय व शाळा यांची दारे एखाद्या भाषेला बंद होतात, तेव्हा तिची अस्मिता संघर्षाचे रूप घेते. एका भाषेला मान देताना दुसरीची जागा कायम राखणे, हाच या संघर्षावरील घटनात्मक उपाय आहे.