खचलेल्या कठड्याची विहीर

बसा बाळांनो, आज अणूची गोष्ट सांगतो.

आपल्या किरनापुरातल्या धानावर पडणारं ऊन सूर्यावरून आठ मिनिटांत इथे पोचतं. पण सूर्याच्या पोटातून पृष्ठभागावर यायला त्याच ऊर्जेला हजारो वर्षं लागलेली असतात. आत इतकी दाटी की प्रकाश पावलोपावली अडतो. किती अडतो, ते तिथल्या अणूंपाशी किती इलेक्ट्रॉन उरलेत यावर ठरतं.

अणू म्हणजे एक विहीर समजा. तळाशी इलेक्ट्रॉन. त्याला कठड्याबाहेर काढायला लागते ती आयनीभवन ऊर्जा. कुठल्या तापमानाला किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतील, याचं समीकरण आपल्या मेघनाद साहांनी १९२० साली मांडलं आणि ताऱ्यांचं तापमान वाचता येऊ लागलं. केवढं मोठं काम! पण ते विरळ वायूचं. दाटीत शेजारचे आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, आणि मोकळे इलेक्ट्रॉन विहिरीचा कठडाच खाली खचवतात. किती? एक्कर आणि क्रोल यांनी १९६३ मध्ये एक उत्तर दिलं, स्टुअर्ट आणि पायट यांनी १९६६ मध्ये दुसरं. पुढे बहुतेकांनी दुसरंच वापरलं.

मोजणं अवघड, कारण तापलेला पदार्थ क्षणात उधळतो. २०१२ साली ऑक्सफर्डचे विंको, चिरिकोस्टा, वार्क आणि त्यांच्या सोबत्यांनी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या क्ष-किरण लेझरने ॲल्युमिनियमचा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका पातळ पत्रा तापवला, जवळजवळ वीस लाख अंशांपर्यंत! झोत इतका क्षणिक, की पत्र्याला पसरायला वेळच मिळाला नाही. घनता घन धातूचीच राहिली.

खरी युक्ती पुढे आहे. क्ष-किरणांची ऊर्जा ते थोडीथोडी वाढवत गेले. सगळ्यात आतला इलेक्ट्रॉन बाहेर पडला, की वरचा त्या जागी उतरतो आणि अणू स्वतःचे क्ष-किरण सोडतो. ही चमक ज्या ऊर्जेला सुरू होते, तीच त्या विहिरीची खोली! शिवाय किती इलेक्ट्रॉन गमावलेत त्यानुसार चमकेची ऊर्जा बदलते, म्हणून प्रत्येक आयनाचं माप वेगळं घेता आलं.

कठडा स्टुअर्ट-पायट सांगतात त्याहून बराच जास्त खचलेला निघाला, जुन्या उत्तराच्या जवळ. पण २०१३ मध्ये ब्रिटनच्या ओरायन लेझरने ॲल्युमिनियम आणखी दाबून, आणखी तापवून पाहिलं, तेव्हा स्टुअर्ट-पायटच बरोबर ठरले.

म्हणजे दोन्ही सूत्रांपैकी एकही सगळीकडे चालत नाही. तुमच्यापैकी कुणी पुढे भौतिकशास्त्र घेतलं, तर आधी साहांचं समीकरण नीट शिका आणि मग या दाटीच्या प्रश्नाला हात घाला.