वरातीतली लय आणि पट्टी

नांदेड-लातूरच्या वरातीत गाणं बदलताना नाचणाऱ्यांचे पाय अडखळले, की समजावं, लय जुळली नाही. ही लय बीपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती ठोके पडतात त्यावर मोजतात. 100च्या गाण्याला 106चं जोडायचं तर पहिलं सहा टक्क्यांनी पळवावं लागतं. पण त्यानं सूरही जवळजवळ अर्ध्या स्वरानं चढतो. पेटीवरची पांढरी एकची पट्टी काळी एक होते. म्हणून डीजे ‘की लॉक’ दाबतात: वेग वाढतो, पट्टी जागेवर राहते.

दोन गाण्यांच्या पट्ट्यांचं नातं मात्र आधी कानाला कळावं. पांढरी एकनंतर पांढरी पाच गोडच लागते, कारण ते सा-पचं नातं. भजनातल्या पेटीवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं. जुळणाऱ्या पट्ट्या शेजारी मांडणाऱ्या डीजेंच्या कॅमेलॉट चक्रात याच दोन पट्ट्या शेजारी बसतात: 8बी आणि 9बी.