दौलतजादा आणि टिप

कलाकारापुढे नोट ठेवण्याची कृती मुंबईत अनेक ठिकाणी घडते, आणि ती कोठे घडते यावरून तिची प्रतिष्ठा ठरते. माहीमच्या मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्यात कव्वालीच्या वेळी भाविक जी रक्कम पुढे करतात ती नजराणा म्हणून ओळखली जाते. तेथून काही मैलांवर लालबागच्या हनुमान थिएटरात, गिरणगावात तमाशाचा जोर होता त्या काळी, लावणीवर खूश झालेला प्रेक्षक जे पैसे देई त्यांना दौलतजादा म्हणत. आणि १९८० च्या दशकात शहरभर पसरत गेलेल्या डान्स बारमध्ये त्याच रकमेला टिप हे नाव मिळाले. नजराण्याकडे श्रद्धा म्हणून पाहिले गेले, दौलतजादा ही रसिकता की बदफैली यावर वाद होत राहिला, आणि टिपेचा प्रश्न विधिमंडळातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. या दीर्घ वादात अश्लीलता, शोषण आणि उपजीविका यांविषयी पुष्कळ बोलले गेले. परंतु प्रेक्षकाच्या खिशातली नोट बाहेर काढणारे कौशल्य नेमके कोणते, ते कोण शिकवते आणि त्याचे मोल अखेर कोणाच्या हाती पडते, या प्रश्नांकडे फारसे कोणी वळले नाही.

या कौशल्याची मराठी मुलखातली सर्वांत शिस्तबद्ध शाळा म्हणजे संगीत बारी. वगनाट्य, बतावणी, सोंगाड्या असा सारा सरंजाम असलेल्या ढोलकी फडाच्या तमाशाहून ही वेगळी. येथे केवळ गाणे आणि नाच असतो, आणि एका थिएटरात मुक्कामाला असलेल्या अनेक पार्ट्या, म्हणजे कलावंतिणींचे संच, आळीपाळीने रंगमंचावर येतात. पुण्याचे आर्यभूषण थिएटर, दौंड तालुक्यातील चौफुला, सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंब ही या परंपरेची ठळक ठिकाणे. जाहीर खेळाव्यतिरिक्त ठरावीक रक्कम भरून एखाद्या पार्टीची खाजगी बैठकही मागता येते, आणि कलावंतिणीच्या विक्रीकौशल्याची खरी कसोटी तेथे लागते. बैठकीच्या लावणीत गाणारी स्त्री बसूनच एक ओळ पुनःपुन्हा घेते आणि प्रत्येक वेळी डोळा, भुवई, मनगट किंवा पदराचे टोक यांतून तिचा निराळा अर्थ दाखवते. यालाच अदा म्हणतात. २०१२ मध्ये पद्मश्रीने गौरविलेल्या यमुनाबाई वाईकर यांची ख्याती याच अंगाची होती. श्रोत्याला तीच ओळ पुन्हा हवीशी वाटणे हे कलेचे यश, आणि त्या ‘पुन्हा’साठी त्याने पैसे काढणे हे धंद्याचे यश; संगीत बारीत ही दोन्ही यशे एकाच क्षणी मिळतात, म्हणून तेथे कला आणि विक्री यांची फारकत करू पाहणारा अभ्यासक फार पुढे जाऊ शकत नाही.

हे शिक्षण वर्गात होत नाही. आई, मावशी किंवा पार्टीची मालकीण बैठकीत कोणाकडे कधी पाहते, कोणाची फर्माईश लगेच पुरवते आणि कोणाला हसत टाळते, हे लहानपणापासून पाहतच मुलगी तयार होते. सावित्री मेधातूल यांचा माहितीपट आणि भूषण कोरगावकर यांचे ‘संगीत बारी’ हे पुस्तक यांमुळे हे जग शहरी मराठी वाचकाला जवळून दिसू लागले. त्याची दुसरी बाजूही लपवण्यासारखी नाही. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या १९९४ च्या आत्मकथनात नाचणाऱ्या स्त्रीच्या कमाईवर सारे घर जगते, पण त्या कमाईचा आणि तिच्या आयुष्याचा निर्णय मात्र तिच्या हाती नसतो. कौशल्य तिचे आणि मिळकत दुसऱ्याची, ही गाठ पुढे बारमध्येही सुटलेली दिसत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर लालबाग-परळचा कामगार प्रेक्षक विखुरला आणि तमाशाची थिएटरे ओस पडत गेली. त्याच काळात वाढलेल्या डान्स बारमध्ये नाचणाऱ्या स्त्रिया अनेक प्रांतांतून आल्या होत्या. त्यांपैकी काही उत्तर भारतातील पिढीजात नर्तक समाजांतल्या, तर काही घरची मिळकत बुडाल्यामुळे प्रथमच या कामाकडे वळलेल्या होत्या. पाश्चात्त्य देशांतील वस्त्रे उतरवण्याच्या नृत्याशी या बारची तुलना नेहमी केली जाते, पण मुंबईच्या बारमध्ये साडी किंवा घागरा-चोली नेसून हिंदी चित्रपटगीतांवर नाचण्याची रीत होती, हा फरक विसरून चालणार नाही. गिऱ्हाईक, ज्याला तेथे कस्टमरच म्हणत, मोठ्या नोटा काउंटरवर देऊन दहा-दहाच्या गड्ड्या घेई, त्या नाचणारीवर उधळी, क्वचित नोटांचा हार घाली.

या उधळणीमागे नृत्यापेक्षा लक्ष पुरवण्याचे काम अधिक असे. गर्दीतून देणारा माणूस ओळखणे, त्याला आवडणारे गाणे लक्षात ठेवणे, त्या गाण्यापुरते आपल्यासाठीच नाच चालला आहे असे त्याला वाटू देणे, आणि तरीही नजर पूर्णपणे त्याच्या स्वाधीन न करणे, हे या कामाचे मर्म होय. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील सेविकांच्या अभ्यासावरून, पगारासाठी स्वतःच्या भावना घडवण्याच्या आणि दाखवण्याच्या श्रमांना जे नाव दिले, त्याला मराठीत भावश्रम म्हणता येईल. बारमधील स्त्रीचे काम हा त्याचा अत्यंत तीव्र प्रकार ठरतो. अमेरिकेतील वस्त्रे उतरवण्याच्या नृत्याच्या क्लबांत स्वतः नाचून तेथील नित्याच्या गिऱ्हाइकांचा अभ्यास करणाऱ्या मानवशास्त्रज्ञ कॅथरिन फ्रँक यांनीही, पुरुष तेथे शरीर पाहण्याइतकाच कोणीतरी आपल्याकडे लक्ष देते या अनुभवासाठी परत येतो, हे दाखवून दिले आहे. विकले जाते ते लक्ष, आणि लक्ष ही वस्तू जपून विकावी लागते. सगळे एका रात्रीत दिले तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, आणि फार काळ अपेक्षेवर ठेवले तर त्याचा हक्क आणि मत्सर दोन्ही वाढतात. त्यामुळे नकार देण्याची कला ही या धंद्यातील सर्वांत मोलाची आणि सर्वांत धोक्याची कला आहे.

ज्याला आत्मविश्वास म्हटले जाते तो या ठिकाणी स्वभावाचा गुण असण्यापेक्षा परिस्थितीचा परिणाम असतो. घरभाडे भागले आहे, शेजारी नाचणारी बाई अडचणीत धावून येईल, दारावरचा माणूस आणि मालक भांडणात आपली बाजू घेतील, रात्री घरी पोहोचण्याची सोय आहे, एवढे ठाऊक असलेली स्त्री ताठ मानेने नकार देऊ शकते. कर्जात बुडालेली आणि एकटी असलेली स्त्री, कितीही कुशल असली तरी, तो देऊ शकत नाही. धिटाई अंगी बाणवण्याचे जे धडे अशा व्यवसायाविषयी दिले जातात, ते या साध्या वस्तुस्थितीला वगळून दिले तर व्यर्थ ठरतात, हे ठामपणे सांगितले पाहिजे.

१५ ऑगस्ट २००५ पासून अमलात आलेल्या, बारमधील नाचावरच्या बंदीने नेमका हाच आधार काढून घेतला. मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने लादलेल्या या बंदीतून तारांकित हॉटेले आणि जिमखाने मात्र वगळले होते. सुमारे ७५ हजार स्त्रियांची रोजी गेली, असा त्यांच्या संघटनेचा दावा होता. बंदीपूर्वी याच स्त्रियांशी बोलून एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने आणि नारी अत्याचार विरोधी मंचाने पाहणी केली होती, आणि शोषणाचे एकेरी चित्र तिच्यात टिकले नव्हते. एप्रिल २००६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. समान काम एका ठिकाणी वर्ज्य आणि महागड्या ठिकाणी मान्य, हा भेद टिकणारा नव्हता. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. उच्च न्यायालयाचा निर्णय स्थगित राहिल्याने २००५ पासूनच्या या आठ वर्षांत मात्र नाच बंद आणि बार चालू अशी स्थिती राहिली, आणि कोणी वेटर म्हणून उभी राहिली, कोणी गायिका म्हणून, तर कोणी ज्या धंद्यापासून तिला वाचवण्याचा दावा केला गेला त्याच धंद्याकडे ढकलली गेली.

अन्य देशांत या प्रश्नाला कामगारहक्काचे वळण मिळाले आहे. अमेरिकेतील अनेक क्लबांत नाचणारी स्त्री वेतन घेण्याऐवजी रंगमंच वापरल्याचे शुल्कच मालकाला देते, म्हणजे रात्रीची सुरुवातच ती तोट्यात करते. १९९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या लस्टी लेडी या क्लबातील आणि २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टार गार्डन या क्लबातील नर्तकींनी संघटना उभारली, ती कामाच्या जागेवरील अन्यायांतून. मुंबईत संघटना झाली, पण तिचे सारे बळ बंदीशी झुंजण्यात खर्ची पडले, आणि मिळकतीच्या वाटणीचा प्रश्न मागे राहिला.

राज्याने २०१६ मध्ये केलेल्या नव्या कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०१९ रोजी जो निर्णय दिला, त्यात हा प्रश्न आडवाटेने पुढे आला. नर्तकीशी लेखी करार असावा आणि तिचा मोबदला बँक खात्यात जमा व्हावा हे न्यायालयाने मान्य केले, पण तिला मासिक पगारावरच ठेवले पाहिजे ही सक्ती काढून टाकली; नोटा उधळण्यास मनाई कायम ठेवली, परंतु टिप बिलातच जोडावी ही अट नाकारून ती हातात देण्यास मोकळीक दिली. उधळण्यावरील मनाईमागे स्त्रीच्या प्रतिष्ठेचा विचार होता, आणि तो योग्यच म्हटला पाहिजे. तथापि हिशेबाच्या दृष्टीने पाहता या भेदाला आणखी एक अर्थ आहे: फरशीवर पडलेली नोट बारचा नोकर गोळा करतो, ती मालकाच्या काउंटरवर मोजली जाते आणि ठरलेल्या वाटणीनंतर उरेल ती नर्तकीला मिळते, हातात ठेवलेल्या नोटेवर मात्र पहिली मूठ तिची पडते.