घेवड्याच्या मुळाशी

पेरणीला महिना उलटला की रहिमतपूरच्या शिवारातलं घेवड्याचं एखादं रोप मातीसकट अलगद उपसून बघा. मुळांना बारीक गाठी लगडलेल्या असतात. त्यांत रायझोबियम कुळातले जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन रोपाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात. इथल्याच कोरेगाव तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक झालंच पाहिजे. पण गाठ धरण्याआधी मातीत जे घडतं, ते मला त्याहून विलक्षण वाटतं.

जिवाणूजवळ हजारो जनुकं असतात. सगळी एकदम चालवायची तर त्याची शक्ती वाया जाईल. मातीत एकटं राहताना गाठ बांधायची जनुकं काय कामाची? ती गप्पच हवीत आणि घेवड्याचं मूळ जवळ आलं की नेमकी तीच जागी व्हायला हवीत. डोळे नाहीत, कान नाहीत, मग हे त्याला कळतं कसं?

ते कळतं एका प्रथिनाला, नॉड-डीला. हे प्रथिन त्या जनुकांच्या अगदी अलीकडे डीएनएला धरून आधीच बसलेलं असतं. घेवड्याचं मूळ मातीत नारिंजेनिन, जेनिस्टीन असे फ्लॅव्होनॉइड गटातले रेणू सोडतं. त्यांतला एखादा जिवाणूत शिरून नॉड-डीला भेटतो, प्रथिनाची ठेवण बदलते, त्याखालच्या डीएनएचा बाक बदलतो आणि आरएनए पॉलिमरेज पुढची जनुकं वाचू लागतं. जनुकाची आरएनए नक्कल काढणारं यंत्र ते हेच. त्या जनुकांतून घडलेला संदेश-रेणू जिवाणू बाहेर सोडतो. तो मातीत अगदी विरळ असला तरी मुळाचा केस वळतो आणि जिवाणूला कवेत घेतो. बोलणं दोन्हीकडून होतं, तेही निव्वळ रेणूंनी! काळ्या बियांच्या घेवड्यात तर बियांच्या सालीतली रंगद्रव्यंसुद्धा ही जनुकं जागी करतात, असं 1991 मध्ये दिसून आलं.

सोयाबीनला एक जिवाणू संवर्धक आणि घेवड्याला दुसरं का, याचं उत्तरही काही अंशी इथेच आहे. प्रत्येक जातीचा नॉड-डी आपापल्या पिकाचे रेणू ओळखतो. 1987 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की जिवाणू कोणत्या झाडाशी जमवून घेईल हे ठरवण्यात नॉड-डी घडवणाऱ्या या एका नियामक जनुकाचा मोठा वाटा असतो. पाकिटावरचं पिकाचं नाव म्हणूनच वाचून घ्यावं.

नॉड-डीसारख्या नियामक प्रथिनांची पहिली ओळख झाली ती मात्र उलट्या स्वभावाच्या प्रथिनातून. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूत दुधातली साखर पचवायची जनुकं असतात. साखर नसताना लॅक रिप्रेसर नावाचं प्रथिन त्यांच्या तोंडाशी डीएनएवर ठाण मांडतं, गाडीवाटेत म्हशीने बसकण मारावी तसं. साखर आली की तिच्यापासून बनलेला रेणू त्याला चिकटतो, त्याची पकड सुटते, वाट मोकळी होते. फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी ही कल्पना 1961 मध्ये मांडली आणि 1965 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. प्रत्यक्ष प्रथिन हाती लागलं 1966 मध्ये. एका पेशीत त्याचे अवघे दहाएक रेणू असतात. एवढ्या थोडक्यांवर सारा बंदोबस्त!

आता पुन्हा गाठीत शिरू, कारण जिवाणू आत पोचला तरी काम संपलेलं नसतं. नायट्रोजन फोडणारं नायट्रोजिनेज हे विकर ऑक्सिजन लागला की निकामी होतं. म्हणून रोप गाठीत लेगहिमोग्लोबिन भरतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा हा भाऊबंद मोकळा ऑक्सिजन अगदी कमी राखतो आणि त्याच्याच रंगाने जिवंत गाठ आतून गुलाबी दिसते. ऑक्सिजन पुरेसा उतरला की जिवाणूत निफ-ए हे दुसरं नियामक प्रथिन कामाला लागतं. त्याची बैठक जनुकाच्या सुरुवातीपासून साधारण शंभर अक्षरं मागे असते. मधला डीएनए कमानीसारखा वळतो आणि निफ-ए थेट पॉलिमरेजला जाऊन भिडतं. पॉलिमरेज तोवर जागेवर तयार असतं, पण डीएनएचे दोन पदर त्याला एकट्याने उलगडता येत नाहीत. निफ-ए त्यासाठी एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू खर्च करतं. पदर सुटतात, नायट्रोजिनेज घडू लागतं आणि मग नायट्रोजनचा एकेक रेणू फोडायला किमान सोळा एटीपी लागतात. त्यासाठीची साखर वर पानं उन्हात तयार करून खाली धाडत असतात.