पांगटीचे पाहुणे

नागालँडच्या वोखा जिल्ह्यातील पांगटी हे लोथा नागा बांधवांचे गाव. दर ऑक्टोबरमध्ये अमूर ससाणे पूर्व आशियातून येऊन गावाजवळच्या दोयांग जलाशयाकाठी उतरतात. उडत्या वाळव्या खाऊन अंगी चरबी साठवतात आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातात. पक्ष्याचे वजन जेमतेम दीडशे ग्रॅम!

त्यांची मोजणी मी तिथल्या टेकडीवर शिकलो. पहाटे थवा उठला की एकेक पक्षी मोजता येत नाही. म्हणून आधी शंभर पक्ष्यांचा पुंजका नजरेत धरायचा आणि थव्यात असे किती पुंजके मावतात ते पाहायचे. आकडा अंदाजाचाच, पण दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच वेळी मोजले तर वाढ-घट कळते.

२०१२ मध्ये येथे मासेमारीच्या जाळ्यांत लाखाहून अधिक ससाणे मारले गेल्याचा अंदाज होता. धरणात जमिनी गेलेल्या गावात त्यातून रोख पैसा येई. तरीही गावाने शिकारीवर बंदी घातली. २०१३ च्या हंगामात एकाही ससाण्याच्या शिकारीची नोंद नाही. बंधुभगिनींनो, ज्या घरांनी हातच्या पैशावर पाणी सोडले, त्यांना दुसरी मिळकत उभी करून देणे हे आपले काम आहे. पक्ष्यांबरोबर त्या घरांचीही मोजदाद ठेवू या.