संगणक घेताय? जरा थांबा!

मैत्रिणींनो, भिशीचे पैसे हाती आले, घरबसल्या टायपिंग-हिशेबाची कामं घ्यावीत म्हणून संगणक आणायला निघालात ना? मग 'वहिनी, हाच सगळ्यात भारी!' या शब्दांना भुलू नका. पत्रं नि जमाखर्चासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. ते पैसे एसएसडीत घाला. साध्या हार्ड डिस्कपेक्षा काम कितीतरी झटपट उरकतं. रॅम निदान ८ जीबी हवी. वापरलेला संगणक स्वस्तात मिळतोय? त्यावर विंडोज ११ चालतं ना, ते आधी पाहा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि यूपीएस घ्याच बरं का! वीज गेली तरी केलेलं काम सेव्ह करण्यापुरती सवड मिळते. पावती मात्र डाळीच्या डब्यात नको, फायलीत ठेवा!